वीसपैकी बारा: गाओकाओच्या इंग्रजी श्रवण-वाचनाचा सराव कसा करून घ्यावा

चीनच्या चियांगसू प्रांतातल्या नानजिंगमध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहिणींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शेजारची सोळा वर्षांची मुलगी उच्च माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे तिथल्या भाषेत 'गाओ अर'मध्ये शिकते आणि पुढच्या जूनमध्ये ती गाओकाओला, म्हणजे चीनच्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेला, बसणार आहे. गेल्या मासिक चाचणीत तिला इंग्रजीच्या श्रवणात ३० पैकी १८ आणि वाचनात ५० पैकी ३० गुण मिळाले. रोज रात्री श्रवणाची एक पूर्ण प्रश्नपत्रिका आणि दिवसाआड चार उतारे असा क्रम पाच महिने न चुकता चालू असून गुण मात्र जागचे हललेले नाहीत. 'तुमचे इंग्रजी चांगले आहे, आठवड्यातून दोन संध्याकाळी तिच्याकडे पाहा,' अशी विनंती मुलीच्या आईने केली आहे. नेमके काय करून घ्यावे, आणि आपल्या मराठी वळणाच्या उच्चारांनी तिचे नुकसान तर होणार नाही ना, हे या बाईंना जाणून घ्यायचे आहे.

मी चियांगसू प्रांतातच, सुझौ शहरात, याच वयाच्या मुलांबरोबर नऊ वर्षे हेच काम केले असल्यामुळे आपण वर्णन केलेली मुलगी मला चांगलीच ओळखीची वाटते. माझे पहिले म्हणणे असे की ती पाच महिने सराव करत नसून पाच महिने रोज परीक्षा देत आहे. या प्रकाराला चिनी मुलांचा स्वतःचा शब्द आहे, 'शुआ थी'. 'शुआ' म्हणजे ब्रशने घासणे आणि 'थी' म्हणजे प्रश्न. भांडी घासून पालथी घालावीत तसे प्रश्न घासून बाजूला ठेवायचे. प्रश्नपत्रिका सोडवली, उत्तरे ताडून पाहिली, चुकलेल्यांवर लाल खूण केली आणि दुसऱ्या दिवशी नवी प्रश्नपत्रिका उघडली, की काय ऐकू आले नाही आणि ते का ऐकू आले नाही हे शोधायला जागाच उरत नाही. यात मी शहाणा होतो असे नाही. पहिल्या वर्षी मीही एका वर्गाला आठवड्याला तीन जादा प्रश्नपत्रिका देत होतो. सत्राच्या शेवटी एका मुलाने मला शांतपणे सांगितले की त्याला कित्येक संचांची उत्तरे ए-बी-सीच्या क्रमाने पाठ झाली आहेत, पण त्यातले एकही वाक्य आठवत नाही.

आता गुणांकडे पाहू. चियांगसूमध्ये २०२१ पासून राष्ट्रीय पातळीवर काढलेली नवी पहिली प्रश्नपत्रिका वापरतात. एकूण ७५० गुणांपैकी इंग्रजीला १५० गुण आणि १२० मिनिटे असतात. श्रवणाचे २० प्रश्न प्रत्येकी दीड गुणाचे, म्हणून ३०. वाचनाचे २० प्रश्न प्रत्येकी अडीच गुणांचे, म्हणून ५०. उरलेले ७० गुण गाळलेल्या जागा, व्याकरण आणि लेखन यांचे. म्हणजे १८ आणि ३० हे आकडे वेगळे दिसले तरी दोन्हीकडे तिची वीसपैकी बाराच उत्तरे बरोबर आली आहेत. त्यातही श्रवणाच्या प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय असल्याने निव्वळ अंदाजानेही तीनातले एक उत्तर बरोबर येऊ शकते. आठ प्रश्न खरोखर समजले आणि उरलेल्या बारांवर डोळे मिटून खुणा केल्या, तरी सरासरीने चार लागतात आणि बेरीज बाराच होते. तेव्हा तिच्या बारांपैकी खरे किती आणि लागलेले किती, हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. यासाठी पुढच्या एका चाचणीत तिला प्रत्येक उत्तराशेजारी छोटी खूण करायला सांगावी: खात्री असेल तर रेघ, शंका असेल तर प्रश्नचिन्ह, अंदाज असेल तर शून्य. शून्य लिहिलेले बरोबर उत्तर हे चुकलेल्या उत्तराइतकेच तपासायचे असते, आणि मुलांना नेमके हेच पटवून देणे सर्वांत जड जाते.

चुकलेल्या उत्तरांचे मी तीन गठ्ठे करतो. काही ठिकाणी शब्द कानावर पडला पण ओळखू आला नाही. काही ठिकाणी सगळे शब्द ओळखू आले पण वाक्य लागले नाही. आणि काही ठिकाणी वाक्यही लागले, पण पर्याय निवडताना फसगत झाली. तिन्हींची औषधे वेगळी आहेत. चिनी विद्यार्थ्यांकडे 'चुओ थी बन', म्हणजे चुकांची वही, असतेच. पण त्यात बहुधा प्रश्न कापून चिकटवलेला असतो आणि खाली बरोबर उत्तर लिहिलेले असते. त्या वहीत गठ्ठा कोणता, एवढे एक अक्षर लिहायला लावले तरी दोन आठवड्यांत वही बोलू लागते.

श्रवणाच्या पहिल्या गठ्ठ्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे मराठी भाषिकाला एक फायदा आहे, जो इंग्रज किंवा अमेरिकन शिक्षकाला नसतो. आपल्या कानाला प, फ, ब, भ हे चार वेगळे वर्ण लहानपणापासून माहीत असतात. चिनी भाषेत यांपैकी दोनच आहेत: रोमन लिपीत जिथे 'बी' लिहितात तिथे आपला 'प' असतो आणि जिथे 'पी' लिहितात तिथे ओठ मिटून उच्चारलेला आपला 'फ' असतो. त-थ आणि क-ख यांचेही तसेच. म्हणजे चिनी कान घोष-अघोष हा भेद पाहतच नाही. श्वासाचा झोत आहे की नाही एवढेच पाहतो. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला यावर भागून जाते, कारण तिथे 'पॅक'मधल्या 'प'ला झोत असतो. पण 'स्पीक', 'स्टॉप', 'स्काय' यांत 'स'नंतर झोत नाहीसा होतो आणि तिला 'स्बीक', 'स्डॉप', 'स्गाय' असे ऐकू येते. तिथल्या शाळांत हा बदल नियम म्हणून शिकवतातही. शब्दाच्या शेवटी अडचण अधिक आहे. 'बॅक' आणि 'बॅग', 'सीट' आणि 'सीड' यांत शेवटच्या व्यंजनाचा स्फोट बहुधा ऐकूच येत नाही. इंग्रज माणूस आधीच्या स्वराच्या लांबीवरून ते ओळखतो. या स्वराकडे कान द्यायला तिला कोणी सांगितलेले नसते.

त्याहूनही महागात पडणारी गोष्ट शब्दांच्या शेपटांची आहे. चिनी अक्षराचा शेवट स्वराने होतो किंवा 'न', 'ङ', फार तर 'र' या ध्वनींनी होतो. 'आस्क्ट', 'मन्थ्स' असे व्यंजनांचे घोस शेवटी येतच नाहीत. शिवाय चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही, नामाला अनेकवचनाचा प्रत्यय सहसा लागत नाही, आणि 'तो' व 'ती' यांना बोलताना एकच 'था' आहे. परिणामी जे टोक ऐकू यायला कठीण, तेच टोक मनाला अनावश्यक वाटते, आणि कान ते मुळात शोधतच नाही. शब्दाच्या शेवटच्या याच 'एड'ने आणि याच 'एस'ने तिला वाचनातही अडवलेले असणार, असा माझा अंदाज आहे. त्याकडे मी पुढे येतो.

नानजिंगची एक स्थानिक गोष्टही तपासून पाहावी. तिथल्या जुन्या बोलीत 'न' आणि 'ल' एकमेकांत मिसळतात; शहराचे नाव 'लानजिंग' असे उच्चारणाऱ्या आजोबांची थट्टा सगळे करतात. मुलीची शाळेतली प्रमाण चिनी स्वच्छ असेल, पण घरात आजी-आजोबांची बोली असेल तर 'नाइट' आणि 'लाइट' तिला वेगळे ऐकू येतात का, हे दहा शब्दांच्या यादीने पाच मिनिटांत कळेल.

आकडे आणि दिवस यांची तऱ्हा निराळी. चिनी भाषेत सोमवार म्हणजे 'शिंगछी यी', आठवड्याचा पहिला. जानेवारी म्हणजे 'यी युए', पहिला महिना. इंग्रजी 'थर्सडे' किंवा 'ऑगस्ट' ऐकल्यावर तिला मनात आधी चौथा, आठवा असा आकडा करावा लागतो आणि तोवर पुढचे वाक्य निघून गेलेले असते. मोठ्या संख्यांत 'वान' म्हणजे दहा हजार हे तिचे मोजमाप असल्याने 'थर्टी थाउजंड' ऐकले की तिला त्याचे तीन वान करावे लागतात. मिलियन ऐकून आपण दहा लाख करतो, तसेच हे. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत आघात कुठे पडतो हे ओळखायला शिकवावे. शेवटच्या 'न'वर विसंबू नये. गाओकाओच्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीच्या सूचनांमध्ये नमुना म्हणून एका शर्टाची किंमत विचारली जाते, पर्याय १९.१५ पौंड, ९.१८ पौंड आणि ९.१५ पौंड असे असतात आणि उत्तर सी, म्हणजे नऊ पौंड पंधरा पेन्स. चीनमध्ये शाळा शिकलेल्या माणसाला हा शर्ट झोपेतून उठवून विचारला तरी आठवतो, त्यावर विनोदही पुष्कळ आहेत. पण तो नमुना नेमका कोणत्या सापळ्याचा आहे, हे विचारले तर फार थोड्यांना सांगता येते.

आता प्रत्यक्ष काम. चिनी शिक्षक ज्याला 'चिंग थिंग', म्हणजे बारकाईचे श्रवण, म्हणतात ते आपल्याकडच्या श्रुतलेखनासारखेच आहे, फक्त माप फार लहान घ्यायचे. एका बैठकीला वीस-पंचवीस सेकंदांचा एकच संवाद पुरे. आधी तो कागद-पेन न घेता एकदा सलग ऐकावा आणि काय चालले आहे ते तिने चिनीत किंवा इंग्रजीत एका वाक्यात सांगावे. मग एकेक वाक्य थांबवून ऐकेल तसे लिहावे. न कळलेल्या जागी रेघ सोडावी, पण अंदाजाने शब्द भरू नये. एक वाक्य पाचपेक्षा जास्त वेळा ऐकवू नये, कारण त्यानंतर कान थकतो आणि डोके कोडे सोडवू लागते. त्यानंतर छापील संहिता काढून लाल पेनने फरक दाखवावा. या पंचवीस सेकंदांना पंधरा मिनिटे सहज लागतात. मुलीला आणि तिच्या आईला हा वेळेचा अपव्यय वाटेल, याची तयारी ठेवावी.

एक उदाहरण देतो. संवादात पुरुष म्हणतो, 'मला वाटले तू ग्रंथालयात असशील,' आणि बाई उत्तर देते: 'आय वुड हॅव बीन, इफ दे हॅडन्ट क्लोज्ड इट ॲट फोर.' बोलताना 'वुड हॅव'चे 'वुडव्ह' होते आणि 'हॅडन्ट'मधला 'ट' घशातच विरतो. माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिले: 'आय वुड बीन, इफ दे हॅड क्लोज इट फोर.' प्रश्न होता, बाई दुपारी ग्रंथालयात होती का. त्याने 'होती' निवडले. त्याच्या कागदावर 'हॅव', 'न्ट', 'ड' आणि 'ॲट' हे चार तुकडे गळाले होते. त्यांतला एकही कठीण शब्द नव्हता, सगळे त्याला प्राथमिक शाळेपासून येत होते. या मुलाला आणखी शब्द पाठ करायला लावून उपयोग नव्हता, कारण त्याला येत असलेलेच शब्द वेगाने बोलल्यावर कसे दिसतात हे ठाऊक नव्हते. लाल पेनने दुरुस्ती झाल्यावर तेच वाक्य ध्वनिमुद्रणाबरोबर, त्याच चालीत आणि त्याच वेगाने, आठ-दहा वेळा मोठ्याने म्हणायला लावावे. तोंडाने 'वुडव्ह' म्हणता आले की कानाला ते ऐकू येऊ लागते. दोन दिवसांनी तोच संवाद संहिता न दाखवता पुन्हा लिहून घ्यावा.

यासाठी जुन्या गाओकाओच्या खऱ्या प्रश्नपत्रिकांचे, म्हणजे 'चन थी'चे, ध्वनिमुद्रण वापरावे. बाजारातल्या नमुना प्रश्नपत्रिकांत आवाज अनेकदा अनैसर्गिक असतात आणि पर्यायांतली फसगतही ओबडधोबड असते. त्या वेळ लावून सोडवण्यापुरत्या ठीक आहेत. अनेक चिनी घरांत व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या संथ इंग्रजीवर फार भरवसा असतो. सुमारे दीड हजार मूळ शब्दांत आणि नेहमीच्या दोन-तृतीयांश वेगाने वाचलेल्या त्या बातम्या विषय समजण्यासाठी चांगल्या आहेत, पण तिथे प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो आणि आपली अडचण नेमकी जोडून येणाऱ्या शब्दांची आहे. साधनाबद्दल एवढेच, की २०२१ पासून शाळांत फोनवर कडक निर्बंध आहेत, म्हणून एखादा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारा साधा प्लेअर, तिथला 'फू तू ची', घरात असेल तर तो बाहेर काढावा. इअरफोनची मात्र सवय लागू देऊ नये. बेइजिंग आणि ग्वांगतोंगसारख्या काही ठिकाणी श्रवणाची परीक्षा संगणकावर हेडफोन लावून होते, पण चियांगसूमध्ये वर्गातला स्पीकर असतो आणि आवाज खोलीभर घुमतो.

परीक्षेतल्या पद्धतीबद्दल थोडक्यात सांगतो. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात आणि प्रत्येकानंतर उत्तर देऊन पुढचा प्रश्न वाचण्यासाठी मिळून दहा सेकंद असतात. पुढचे पाच मोठे संवाद किंवा निवेदने दोनदा ऐकवतात आणि त्याआधी दर प्रश्नामागे पाच सेकंद वाचायला मिळतात. त्या पाच सेकंदांत प्रश्न पूर्ण वाचून मनात चिनी भाषांतर करणारी मुले हमखास मागे पडतात. प्रश्नातला 'कोण, कुठे, का' हा एक शब्द आणि तीन पर्यायांमधला फरक एवढ्यावरच नजर टाकायची सवय लावावी. जो शब्द संवादात जसाच्या तसा ऐकू आला तोच ज्या पर्यायात आहे, त्याच्याकडे संशयाने पाहायला शिकवावे. पहिल्यांदा सांगितलेली वेळ पुढे 'ॲक्चुअली' किंवा 'आय ॲम अफ्रेड' म्हणून बदलली जाते. आणि एक प्रश्न हुकला की तो सोडून देणे हेही शिकवावेच लागते, कारण हुकलेल्या प्रश्नावर विचार करत बसलेली मुलगी पुढचे दोन प्रश्नही गमावते. शेवटी उत्तरे २बी पेन्सिलने उत्तरपत्रिकेवर उतरवायला दोन मिनिटे मिळतात, तेव्हा ऐकताना गोल रंगवत बसू नये.

वाचनात चार उतारे आणि पंधरा प्रश्न असतात, त्यानंतर 'छी शुआन वू', म्हणजे सात वाक्यांतून पाच निवडून रिकाम्या जागी बसवायचा एक उतारा. पहिला उतारा जाहिरात, वेळापत्रक अशा वळणाचा, पुढचा बहुधा कथनात्मक आणि शेवटचे दोन विज्ञान किंवा समाज यांवरचे असतात. एकेक साधारण अडीचशे ते साडेतीनशे शब्दांचा. तिला सर्वांसाठी मिळून चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देता येणार नाही, नाहीतर लेखनाचे ४० गुण बुडतील.

पहिल्या संध्याकाळी तिच्या जुन्या प्रश्नपत्रिकेचा कागदच नीट पाहावा. शब्दांच्या डोक्यावर बारीक चिनी अक्षरे लिहिलेली असतील तर ती शब्दाला शब्द लावून वाचते आहे, हे लगेच कळेल. शब्दसंग्रहाची यादी मुले वर्णक्रमाने घोकतात. पहिलाच शब्द 'अबँडन', म्हणजे सोडून देणे, आणि बरेच जण तिथेच सोडून देतात, हा तिथला जुना विनोद आहे. अभ्यासक्रमाला सुमारे तीन हजार शब्द अपेक्षित आहेत आणि तिला त्यांतले बहुतेक येतही असतील. पण एकेका शब्दाचा एकच चिनी अर्थ येत असेल. 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता एवढेच माहीत असले तर 'ॲड्रेस द प्रॉब्लेम'पाशी गाडी थांबते, आणि 'नॉव्हेल' म्हणजे कादंबरी माहीत असणाऱ्याला 'नॉव्हेल आयडिया' म्हणजे कादंबरीची कल्पना वाटते. परीक्षक हे जाणूनबुजून करतात. असे ओळखीचे शब्द अनोळखी अर्थाने भेटले की त्यांची वेगळी यादी वाक्यासकट करावी.

पण खरा अडसर वाक्यरचनेचा आहे. हे वाक्य पाहा: 'द व्हॉलंटिअर्स आस्क्ड टू काउंट द बर्ड्स रिटर्निंग टू द लेक ईच विंटर फाउंड फ्यूअर नेस्ट्स दॅन बिफोर.' मराठीत आपण म्हणू, 'दर हिवाळ्यात तळ्यावर परतणारे पक्षी मोजायला सांगितलेल्या स्वयंसेवकांना पूर्वीपेक्षा कमी घरटी आढळली.' चिनीतही विशेषण, ते कितीही लांब असो, 'त' हा छोटा चिनी शब्द लावून नामाच्या आधीच येते, अगदी आपल्या 'परतणारे पक्षी'सारखे. इंग्रजीत मात्र पक्षी आधी आणि त्यांचे परतणे मागून. शिवाय 'आस्क्ड' दिसले की चिनी मुलगा ते मुख्य क्रियापद समजतो आणि स्वयंसेवकांनी कोणाला तरी मोजायला सांगितले, असा अर्थ लावतो. मग 'फाउंड'पाशी वाक्य कोसळते. श्रवणात गळालेले 'एड' आणि इथे चुकीचे वाचलेले 'एड' हे एकच आहे, आणि म्हणूनच तिचे दोन्ही बारा मला योगायोग वाटत नाहीत. दर बैठकीला अशी दोनच लांब वाक्ये घ्यावीत. तिने मुख्य क्रियापद शोधून त्याखाली दुहेरी रेघ मारावी, कर्त्याखाली एकेरी रेघ मारावी, आणि नामामागे लटकलेले सगळे कंसात टाकावे. कंस काढून वाचले की 'स्वयंसेवकांना कमी घरटी आढळली' एवढे उरते, आणि चेहऱ्यावर जो फरक पडतो तो आपण पाहालच.

तिसऱ्या गठ्ठ्यासाठी एकच शिस्त पुरते: उताऱ्यातल्या ज्या वाक्यावरून उत्तर ठरले त्याखाली रेघ मारल्याशिवाय उत्तर लिहायचे नाही. आणि चुकीचे तीन पर्याय का चुकीचे, हेही तोंडी सांगायचे. यासाठी चिनी शिक्षकांची तयार परिभाषा आहे आणि मुलीला ती ठाऊक असेल, म्हणून आपण इंग्रजी संज्ञा शोधत बसू नये. 'वू चुंग शंग योउ' म्हणजे उताऱ्यात नसलेले हवेतून काढलेले. 'थोउ हुआन काय न्येन' म्हणजे गुपचूप एक कल्पना उचलून दुसरी ठेवलेली. 'यी फ्येन काय छुआन' म्हणजे एका भागावरून सगळ्याविषयी केलेले विधान. तिला विचारावे, 'हा पर्याय यांतला कोणता?' मराठी बाईंच्या तोंडून हे शब्द ऐकून ती हसेल, पण उत्तर देईल. सात वाक्यांच्या उताऱ्यात रिकाम्या जागेच्या आधीचे आणि नंतरचे वाक्य, आणि त्यांतले 'दिस', 'दे', 'हाउएव्हर' असे जोडणारे शब्द पाहायचे, यापलीकडे त्यात फार काही नाही.

याशिवाय दिवसाला दहा मिनिटे प्रश्नांविना वाचन हवे. शंभर शब्दांत दोनांपेक्षा जास्त अनोळखी असू नयेत, इतके सोपे. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांच्या कामातून आलेले हे ९८ टक्क्यांचे माप माझ्या अनुभवालाही उतरते. चायना डेलीतर्फे निघणाऱ्या 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी' या विद्यार्थी वृत्तपत्राची एक इयत्ता खालची आवृत्ती तिला लाज न वाटता वाचू द्यावी. शब्दकोश बंद.

आपल्या उच्चारांविषयीची शंका रास्त आहे. आपण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्ही 'व'ने भागवतो, 'थिंक'मध्ये आपला दंत्य 'थ' आणतो, 'ट-ड' मूर्धन्य करतो, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखे वजन देतो; परीक्षेतले ब्रिटिश आणि अमेरिकन आवाज नेमके तेच करत नाहीत. म्हणून संहिता आपण वाचून दाखवू नये, वाक्य पुन्हा हवे असेल तर ध्वनिमुद्रणच लावावे. समजावून सांगताना, गप्पा मारताना आपल्या इंग्रजीने काडीचेही नुकसान होणार नाही. उलट इतकी वर्षे 'याबा यिंग्यू', म्हणजे मुके इंग्रजी, शिकलेल्या मुलीला समोर माणूस मिळेल. जाता जाता सांगतो, ती आपल्याला 'आयी' म्हणेल. त्याचा अर्थ मावशी किंवा काकू असा आहे, पण मराठी कानाला पहिले काही दिवस दचकायला होते. आणि या कामाची फी मात्र घेऊ नये. कुटुंबीय म्हणून मिळालेल्या निवासी परवान्यावर तिथे पैसे घेऊन काम करता येत नाही. फळांची पिशवी दारात येईल, ती घ्यावी.

वेळेची मांडणी अशी करावी. पहिले चार आठवडे रात्रीची प्रश्नपत्रिका पूर्ण बंद; त्या जागी तिने एकटीने पंधरा मिनिटांचे श्रुतलेखन आणि दहा मिनिटांचे सोपे वाचन करावे. शाळेतला सकाळचा पाठ आणि संध्याकाळचा स्वाध्याय आटोपून नऊ-साडेनऊला घरी येणाऱ्या मुलीकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करू नये. आपल्या दोन संध्याकाळींपैकी एक लाल पेनच्या दुरुस्तीला आणि मोठ्याने म्हणण्याला, दुसरी दोन लांब वाक्यांना आणि एका उताऱ्याच्या पुराव्यांना द्यावी. पाचव्या आठवड्यापासून रविवारी एक पूर्ण प्रश्नपत्रिका, तीही दुपारी तीन ते पाच या वेळेत, कारण ८ जूनला इंग्रजीची परीक्षा त्याच वेळी असते. स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून आणि खिडकी उघडी ठेवून.

प्रश्नपत्रिका बंद केल्यावर आई अस्वस्थ होईल, हे धरून चालावे. शेजाऱ्यांची मुले रोज दोन सोडवत असताना आपली मुलगी पंचवीस सेकंद ऐकत बसली आहे, हे पाहणे तिला सोपे जाणार नाही, आणि चार आठवड्यांत गुणांत फार फरक दिसेल असेही मी सांगत नाही. म्हणून पहिल्या संध्याकाळी लिहून घेतलेला कागद, रेघा आणि लाल खुणांसकट, तारीख घालून जपून ठेवावा. अठ्ठाविसाव्या दिवशी तितक्याच लांबीचा, तितकाच अवघड, पण तिने कधीही न ऐकलेला संवाद तिला लिहायला द्यावा आणि दोन्ही कागद आईसमोर शेजारी शेजारी ठेवावेत.